मौनाच्या मांडवात जयाक्का

"जयाक्का गप झाली तर नुसती बसलीय म्हणून सोडू नका," सुनयना म्हणाली. "जवळ जाऊन हलवून बघायचं. साखर उतरली की माणूस डुलकी लागल्यागत दिसतंय. बघणारा फसतोय."

सुनयना ही बेळगावच्या वडगावातल्या विणकरांच्या गल्लीची आशा कार्यकर्ती. पोलिओचा रविवार होता. रचनाच्या उंबऱ्यात उभं राहून तिनं लहानग्या माधवीच्या तोंडात थेंब सोडले होते आणि आता ती तिच्या करंगळीला शाईची खूण करत होती. शेजारच्या दारात जयाक्का पाय पसरून तांदूळ निवडत बसली होती. आपल्याविषयी बोलणं चाललंय हे तिला कळायचं कारण नव्हतं. तिला ऐकूच कमी यायचं.

"त्या गपच असतात हो कायम," रचना म्हणाली. "बरं, हिचं नाक रात्री वाजतंय. कफ असेल का?"

"थंडी हाय, वाजणार. मी सांगितल्यालं ध्यानात ऱ्हाईल न्हवं?"

"राहील की."

सुनयना पुढच्या दाराला गेली. रचना आत वळली ती करंगळीवरची शाई पोरगी चोखणार तर नाही ना, ह्या काळजीत.

रचनाचं हे असंच होतं. कंग्राळीच्या शेतकरी घरातली मुलगी, बेळगावात कॉलेज करून बी.एस्सी. झालेली, लग्नानंतर नागेंद्रबरोबर वडगावात भाड्याच्या दोन खोल्यांत येऊन राहिलेली. माधवी झाल्यापासून तिचं अर्धं डोकं सतत पोरीच्या नाकातोंडापाशी असायचं. द्राक्षाचे उभे तुकडे केल्याशिवाय ती पोरीला द्राक्ष द्यायची नाही. न्हाणीत बादली भरून ठेवायची नाही. पोरगी जरा जास्त वेळ झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून बघायची. नागेंद्र एका खाजगी बँकेत होता, आठवड्यातले निम्मे दिवस फिरतीवर. घरी असला की म्हणायचा, "अगं, ती झोपलीय नुसती. तू बी झोप की जरा." रचना झोपायची नाही. कुणीतरी जागं असलं पाहिजे, असं तिला वाटायचं.

एवढ्या पहाऱ्यातून माधवी जिच्या हाती सुटायची ती एकटी जयाक्का. दुपारी रचना घरातच दहावीच्या पोरांच्या विज्ञानाच्या शिकवण्या घ्यायची आणि तेवढा वेळ माधवी शेजारी असायची. जयाक्का तिला भात कालवून घालायची, पायावर घेऊन झुलवायची आणि एका हातानं कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात बसणारी सुताची गुंडाळी. जयाक्काचं सगळं आयुष्य ह्या कांड्यांवर गेलेलं. नवरा घरातल्या हातमागावर लुगडी विणायचा तेव्हा त्याच्यासाठी, तो हातमाग विकल्यावर गल्लीच्या टोकाच्या पॉवरलूमच्या शेडमध्ये दुसऱ्यांसाठी, आणि नवरा गेल्यावर, गुडघे धरल्यावर, घरी बसून. पोरगा ज्योतिबा गोव्यात हॉटेलात होता. दसऱ्याला यायचा.

"कान मागानं खाल्लं," असं जयाक्का स्वतःच सांगायची, कुणी विचारलं नाही तरी. तक्रार म्हणून नव्हे. घराचा पत्ता सांगावा तसं.

त्या गल्लीत कुणी कुणाला हाक मारत नसे. शेडमधल्या खडखडाटात हाकेचा उपयोग नसतो. तिथं मागून यायचं आणि खांद्याला हात लावायचा. माणूस वळला की मग ओठ हलवायचे, हात हलवायचे, बोलणं सुरू. शेडमधली ही रीत घराघरांत आली होती. किराणा दुकानात, नळावर, लग्नाच्या पंगतीत, जो तो ज्याच्या त्याच्या खांद्याला हात लावून बोलायचा. रचनाला नवी आली तेव्हा त्याचं अवघडल्यासारखं व्हायचं. मागून अचानक हात पडला की ती दचकायची, आणि हात लावणारी बाई हसायची. पुढं दचकणं कमी झालं, पण अंग चोरणं राहिलं.

कलामेळा भरला तो पौषातल्या अमावास्येला. अमावास्येला माग चालवत नाहीत, त्यामुळं गल्ली मोकळी असते, हा हिशेब पूर्णिमाचा. पूर्णिमा गल्लीतल्याच एका जुन्या मागवाल्याची मुलगी. बेंगळूरला डिझाइन शिकून आली होती आणि तिथल्या चार मैत्रिणींना घेऊन तिनं शाळेच्या मैदानावर मांडव घातले होते. आठवडाभर आधीच भिंतींवर कागद लागले, वर कन्नड, खाली मराठी. माती, रंग, विणकाम, मौन. सगळं मोफत. नाव नोंदवायचं नाही. केव्हाही या, केव्हाही उठा.

"फुकट हाय म्हंजे शेवटाला कायतर गळ्यात मारत्यात," कागद वाचून गंगव्वा म्हणाली. गंगव्वा समोरच्या घरात राहायची आणि गल्लीतल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं मत असायचं. "मागं फुकट बीपी बघतो म्हणून आलते, आन् जाताना माझ्या धाकट्या जावंला गादी विकून गेले. चुंबकाची गादी. आता मांजर झोपतंय तिच्यावर."

"ह्या आपल्या पूर्णिमाचं आहे गंगव्वा. काही विकणार नाहीत," रचना म्हणाली.

"मग खर्च कोण करतंय?"



मेळ्याच्या सकाळी रचना माधवीला घेऊन निघाली तेव्हा जयाक्का दारात तयार होती. धुतलेलं लुगडं, डोक्यावर पदर, कपाळ मोकळं. रचनानं खाण्याची खूण केली. "आक्का, खाल्लं का काही?"

"आधी मागाची पूजा." जयाक्कानं आत बोट केलं. माग विकून किती वर्षं झाली होती, पण तो जिथं असायचा त्या कोपऱ्यातली जमीन ती अजून सारवल्यासारखी स्वच्छ ठेवायची आणि दर अमावास्येला तिथं हळदकुंकू वाहून, नारळ फोडून मगच तोंडात घास घालायची. "नारळ आणायचा हाय. येताना आणतो, पूजा करतो, मग जेवतो."

"आणि शुगरची गोळी?"

"गोळी सकाळीच गिळली की. ती कशी चुकंल? सुनयना माझं मुंडकं मोडंल."

हे बोलणं झालं तेव्हा रचना माधवीच्या टोपीचा बंद बांधत होती. बंद हनुवटीखाली काचतोय असं तिला वाटत होतं. सोडला तर कानाला वारं लागणार होतं. तिनं तो दोनदा सोडून पुन्हा बांधला, आणि मग तिघी निघाल्या.

मैदानावर अजून गर्दी नव्हती. लोक लांबून, कुंपणाला टेकून बघत होते. लग्नात आधी पंगतीला कोण बसतंय ह्याची वाट बघावी, तसं. सगळ्यांत आधी बसला होता भरमा मिस्त्री. गल्लीतले सगळे माग दुरुस्त करणारा, काळ्या नखांचा, दांडगा माणूस, एवढ्याशा स्टुलावर बसून गोल नक्षीत रंग भरत होता. जीभ दातांत धरून.

"भरमा," गंगव्वा म्हणाली, "घरच्या भिंतीला चुना लावायला वेळ न्हाय म्हणतोस. तुझ्या बायकूला बोलावतो थांब."

"बोलीव जा," भरमा मान वर न करता म्हणाला. "तिला बी एक कागद देऊया. घरात तेवढीच शांतता."

विणकामाच्या मांडवात पुठ्ठ्याला खाचा पाडून त्यावर दोरे ताणून ठेवले होते. पूर्णिमानं त्यातला एक जयाक्काच्या हातात दिला. जयाक्कानं तो उलटासुलटा केला.

"ह्यो माग?"

"व्हय आक्का. पोरांसाठी. बसा की, तुमी बी इना."

"सुट्टीच्या दिशी बी ह्येच करू व्हय गं?" जयाक्का म्हणाली आणि पुठ्ठा परत दिला. आजूबाजूचे हसले. पूर्णिमाही हसली.

मातीच्या मांडवात टेकायला काही नसल्यानं तिला खाली बसणं होईना. रंगांकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. मग ती शाळेच्या भिंतीला लागून बांधलेल्या पांढऱ्या मांडवापाशी थांबली. आत चटया, गाद्या, भिंतीला लावलेले तक्के. दोन कॉलेजच्या मुली डोळे मिटून बसल्या होत्या. बाहेर पाटी.

"हितं काय करायचं असतंय?"

"काही नाही आक्का," पूर्णिमा तिच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं म्हणाली. "हितं नुसतं बसायचं. डोळे मिटून. पायजे तेवढा वेळ."

"कायबी करायचं न्हाय?"

"न्हाय."

"आन् कुणी उठवणार न्हाय?"

"कुणी हात बी लावणार न्हाय. पाटीच लावलीय तशी."

जयाक्कानं जरा विचार केला. तिच्या चेहऱ्यावर, बाजारात अगदी हवी तशी वस्तू दिसल्यावर येतं, तसलं काहीतरी आलं. "ह्ये बरं काढलंयस," ती म्हणाली. "मी हितं बसतो. रचना, तू जा पोरीला घिऊन." चप्पल काढून, भिंतीचा आधार घेत ती आत गेली, तक्क्याला टेकली, पदर सारखा केला आणि डोळे मिटले.

रचना मातीच्या मांडवात गेली. आधी तिनं माती हुंगून बघितली, तीत खडे, काचा नाहीत ना ते बघितलं. मग माधवीला बसवलं. मग स्वतः बसली, फक्त पोरीवर लक्ष ठेवायला. पण समोर मातीचा गोळा होता आणि हात रिकामे होते. तिनं तो दाबून बघितला. थंड, मऊ, बोटांच्या मध्ये शिरणारा. लहानपणी कंग्राळीत बेंदराला घरी मातीचे बैल करायचे तेव्हा बैलांची शिंगं करायचं काम तिचं असायचं. तिनं एक शिंग केलं. मग दुसरं. मग शिंगांसाठी बैल लागणार म्हणून डोकं. माधवी शेजारी थपाथपा माती आपटत होती, तिच्या नाकाला माती लागली होती, आणि कितीतरी महिन्यांत पहिल्यांदाच रचनाला त्याचं काही वाटलं नाही. बैलाला पाय करताना ती गुणगुणत होती, हेही तिला शेजारच्या बाईनं वळून बघितल्यावर कळलं.

तिनं मान वर केली तेव्हा ऊन मांडवाच्या आत आलं होतं. पांढऱ्या मांडवात जयाक्का तशीच बसलेली. त्या दोन मुली उठून गेल्या होत्या, दुसरं कुणीतरी येऊन बसलं होतं, तेही गेलं होतं. मांडवाच्या तोंडाशी चारपाच बायका उभ्या राहून आत बघत होत्या.

"समाधी लागली जयाक्काला," एक जण म्हणाली.

"लागणार की. आमच्यागत डोसक्यात कालवा न्हाय तिच्या. ऐकूच येत न्हाय."

पूर्णिमाही तिथं आली होती. मैत्रिणीला हळूच सांगत होती, "बघ, आपण इतक्या शिबिरांना जातो, मला अजून पाठ न हलवता बसता येत नाही."

रचना माती पुसत तिकडं गेली. तिला बरं वाटलं. कशाचं ते तिलाही नीट सांगता आलं नसतं. शेजारची म्हातारी सगळ्यांना आवडतेय, आणि ती आपली आहे, असं काहीतरी. जयाक्काचा चेहरा सैल पडला होता. पदर डोक्यावरून घसरून खांद्यावर आला होता. एवढ्या बायकांसमोर डोकं उघडं, आणि तिला त्याचं भान नाही. खरंच लागलं असेल ध्यान, रचनाच्या मनात आलं.

तेवढ्यात गंगव्वा चहाचा कप घेऊन आली. चहाही मोफत होता, आणि गादीचं काही निघालं नाही म्हणून तिचं मेळ्याविषयीचं मत बदललं होतं. ती सरळ आत शिरली, जयाक्काजवळ वाकली आणि गल्लीच्या रीतीप्रमाणं तिच्या खांद्याला हात लावायला गेली.

"गंगव्वा." रचनानं तिचा हात वरच्यावर धरला आणि पाटीकडं बोट केलं. "हात लावायचा नाही. लिहिलंय तिथं."

"आगं, चा निवतोय."

"निवू दे. त्यांना बसू दे हो. कधी असं बसायला मिळतंय त्यांना?"

गंगव्वानं पाटीकडं बघितलं. तिला वाचता येत होतं, कन्नड आणि मराठी दोन्ही. दोन्हीत तेच होतं. "बरं," ती म्हणाली, "मग मीच पितो." आणि प्याली.

रचना परत मातीपाशी गेली. बैलाला शेपूट राहिलं होतं.

शेपूट करून झालं, बैलाला वशिंड झालं, माधवीनं ते दाबून सपाट केलं, पुन्हा झालं. मग हात धुवायला जाताना रचना पांढऱ्या मांडवावरून गेली, आणि थांबली. पदर आता खांद्यावरही नव्हता. तो मांडीवर पडला होता आणि मांडवात आत बाहेर करणाऱ्या लोकांपैकी एका पोराचा पाय त्याच्यावर पडून मातीचा ठसा उमटला होता. जयाक्कानं आपला पदर असा पडू दिला नसता. झोपेतही नाही, ध्यानातही नाही. कांडी भरताना, पोरीला घेऊन उठताना, तापानं फणफणलेली असताना तिचा हात पदराकडं गेलेला रचनानं बघितला होता. ती आत धावली. खांद्याला हात लावला. ब्लाउज घामानं चिंब होतं आणि आतलं अंग गार पडलेलं. पौषातली थंडी होती. "आक्का," ती म्हणाली, आणि जयाक्का तिच्या हाताच्या दिशेनं, वजन नसल्यासारखी, कलंडली.

पुढचं सगळं भराभर झालं. पूर्णिमा पाणी घेऊन आली, कुणी कांदा आणला. भरमा स्टुलावरून उठला तो रंगाच्या हातांनीच पळत सुटला आणि सुनयनाला स्कूटरवर मागं बसवून घेऊन आला. सुनयनानं पाणी बाजूला सारलं, "घोट गिळायची शुद्ध न्हाय, ठसका लागंल," म्हणाली, जयाक्काला कुशीवर वळवलं आणि चहावाल्याकडची साखर ओली करून बोटानं तिच्या गालाच्या आत चोळली. चोळत राहिली. मग रिक्षा आली. गंगव्वा आणि सुनयना तिला मध्ये धरून बसल्या. सुनयनानं रचनाकडं एकदा बघितलं आणि रिक्षावाल्याला निघायला सांगितलं. 

दवाखान्यात डॉक्टरांनी कन्नडमधून विचारलं, कधीपासून अशी आहे. गंगव्वाला सांगता येईना. मी चहा घेऊन गेलो तेव्हा बसली होती, एवढंच ती म्हणाली.

जयाक्का वाचली. हे आधी सांगायला हवं, कारण त्या दिवशी गल्लीनं ते गृहीत धरलेलं नव्हतं. ती घरी आली तेव्हा ज्योतिबा गोव्याहून आला होता, आठवडाभर राहिला, दारात बसून मोबाइल बघत राहिला आणि गेला. त्याचंही बरोबर होतं, सीझन होता. साखर फार वेळ उतरलेली राहिल्यानं मेंदूला इजा झाली होती. जयाक्का बोलायची, पण शब्द उशिरा यायचा. डाव्या हाताची बोटं तिला नको तेव्हा उघडायची. कांडी भरताना धागा तुटला की पूर्वी तिला न बघता कळायचं. आता कांडी रिकामीच फिरत राहायची आणि ती फिरणाऱ्या कांडीकडं बघत राहायची.

पूर्णिमा फळं घेऊन भेटायला आली. रचना तिथं होती. पूर्णिमा जयाक्कासमोर बसून सावकाश म्हणाली, "आक्का, ती पाटी मी लावायला नको हुती." जयाक्कानं तिच्या ओठांकडं बघितलं, शब्द जुळवायला वेळ घेतला.

"बसायला बरं वाटलं गं," ती म्हणाली. "पुन्हा कर." मग जरा थांबून, "पर चा दिऊन बसवत जा."

पूर्णिमा रडली. रचनाला रडू आलं नाही. ती माधवीकडं बघत होती. माधवी सवयीनं जयाक्काच्या मांडीवर चढत होती, आणि जयाक्काचा डावा हात तिच्या पाठीमागं होता, उघडा.

ते दृश्य रचनाच्या डोक्यातून जाईना. मेळ्याच्या ऐवजी एखादी साधी दुपार असती तर, हा विचार तिला शिकवताना यायचा, स्वयंपाक करताना यायचा. दार लोटलेलं, चूल पेटलेली, जयाक्का भिंतीला टेकलेली आणि पोरगी एकटी. दुपारी शिकवण्या सुरू झाल्या तेव्हा तिनं माधवीला घरातच ठेवलं. पहिल्यांदा सर्दी झालीय म्हणून. मग नागेंद्र घरी आहे म्हणून. मग काहीच न सांगता. माधवी भिंतीवर थापा मारून पलीकडं जायला मागायची. पलीकडं ते ऐकू जाण्याचा प्रश्न नव्हता.

एका सकाळी जयाक्का दारात येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी. तीत माधवीची वाटी, चमचा, लाळेरं, एक झबलं आणि दुपारी अंगावर घालायची छोटी गोधडी होती. सगळं धुऊन, घडी घालून.

"आत या की आक्का," रचना म्हणाली.

"पोरीला पाठवू नको," जयाक्का म्हणाली. एकेक शब्द शोधून, पण न अडखळता. आधी घरी म्हणून बघितलं असावं. "मीच सांगणार हुतो तुला. हातातनं भांडं सुटतंय माझ्या. काल कळशी सुटली."

"तसं नाही आक्का. मी पाठवणारच होते, तिला जरा..."

पण त्या गल्लीत बोलणं संपवायचं असेल तर वेगळं काही करावं लागत नाही. समोरच्याच्या ओठांवरून नजर काढून घेतली की झालं. जयाक्कानं पिशवी उंबऱ्यावर ठेवली, रचनाच्या खांद्यावरून आत खेळणाऱ्या माधवीकडं एकदा बघितलं आणि भिंतीला हात लावत आपल्या दाराकडं गेली. रचना अंग चोरून तिथंच उभी राहिली. वाक्य अर्धंच राहिलं.

उन्हाळ्यात नागेंद्रची बदली निपाणीला झाली. सामान टेम्पोत चढवलं तेव्हा गल्ली जमली. गंगव्वानं रस्त्यात खायला चिरमुऱ्याची पिशवी दिली, भरमानं खाट दोरीनं बांधून दिली. जयाक्कानं माधवीच्या गालाला हात लावला आणि तोच हात स्वतःच्या तोंडापाशी नेला. मग टेम्पो निघाला.

निपाणीचं घर चांगलं आहे. दोन्ही खोल्यांना खिडक्या आहेत, आजूबाजूला माग नाहीत. माधवी बालवाडीत जाते. रचना अजूनही बारीकसारीक गोष्टींनी घाबरते, पण आता ती पोरीबरोबर आणखी एका माणसासाठी घाबरते, जो तिच्या नजरेसमोर नाही. ती जयाक्काला फोन लावते. जयाक्का फोन उचलते, कानाला धरते. "जेवलात काय?" "व्हय." "गोळी घेतली?" "व्हय." "ज्योतिबा येऊन गेला?" "व्हय, व्हय." एकदा रचनानं मुद्दाम विचारलं, "आक्का, आज तुम्ही विमानानं दिल्लीला चाललाय काय?" तिकडून तोच शांत आवाज आला. "व्हय."

गंगव्वा आता धाकट्या मुलाकडं काकतीला असते. सुनयनाकडं तीन गल्ल्या आहेत, ती जमेल तेव्हा डोकावते. ज्योतिबा दसऱ्याला येतो. म्हणून कुणी बेळगावला निघालंय असं कळलं की रचना त्याला वडगावचं ते घर सांगते. बँकेतल्या माणसाला सांगितलंय, दूधवाल्याच्या मेहुण्याला सांगितलंय, बसमध्ये शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईलासुद्धा सांगितलंय. नागेंद्र म्हणतो, लोक हसतात. हसू देत.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणी तिकडं जाणार असेल तर रचनाचं सांगणं तुम्हालाही तेच आहे. शाळेच्या मैदानावरून पुढं आलात की डाव्या हाताला, दारात कडुनिंब असलेलं घर. दिवसा दार उघडंच असतं, सरळ आत जा. ती बसलेली दिसली तर बरी आहे म्हणून माघारी फिरू नका. समोर बसा, आणि तिला असं काहीतरी विचारा, ज्याला नुसतं 'व्हय' म्हणून भागणार नाही. आज आमटी कशाची केलीय, असं. शब्द यायला तिला वेळ लागतो. तो येईपर्यंत तिथून उठू नका.